काळा मणी, काळा मोती

१/
महाराष्ट्राच्या दागिन्यांत काळा रंग आणि मोती पिढ्यान्‌पिढ्या नांदले, पण एकत्र क्वचितच आले. नथ, कुड्या, तन्मणी, चिंचपेटी आणि पुरुषांच्या कानातील भिकबाळी यांतला मोती शुभ्र. काळा रंग मंगळसूत्राच्या पोतीत, आणि तोही बहुधा काचेच्या मण्यांचा. ‘काळे मोती’ हा सराफी पेढीवरचा अलीकडचा पाहुणा आहे.

२/
जुन्या रत्नशास्त्राला मात्र तो अपरिचित नव्हता. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मोत्यांना रंगानुसार देवता नेमून दिल्या आहेत. चंद्रासारखा मोती इंद्राचा, जवसाच्या फुलासारखा श्यामल विष्णूचा, आणि काळा यमाचा.

३/
मराठी घरांत शुभ्र मोती रुळला, त्याचे मोठे कारण भूगोलात आहे. ज्याला ‘बसरा मोती’ म्हणतात तो इराणच्या आखातातला. बहारीन, कुवेत या किनाऱ्यांवरून येणारा. तिथला शिंपला पांढरा, मलईसारखा, किंचित गुलाबी मोती देतो. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेली प्रसिद्ध मोत्यांची चादर अशाच बारीक मोत्यांनी विणलेली आहे.

४/
या मोत्यांची मोठी पेठ होती मुंबई. आखातातला माल इथे निवडला जाई, विंधला जाई आणि पुढे पॅरिस-लंडनला जाई. किंमत ठरवण्यासाठी ‘चव’ हे माप वापरत. ते वजनाच्या वर्गावर आधारलेले असल्याने वजन दुप्पट झाले की चव चौपट होई. हिशेब अत्यंत सूक्ष्म. पण मोत्याच्या पोटात काय आहे, हे तराजू सांगू शकत नव्हता.

५/
नेमके तिथेच संकट आले. जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात अर्धगोल मोती घडवला. १९२१ च्या सुमारास जपानी गोल संवर्धित मोत्यांनी लंडन-पॅरिसच्या बाजारात खळबळ उडवली. पाठोपाठ १९२९ ची जागतिक मंदी आली आणि आखाताचा मोतीव्यापार कोसळला. तेव्हापासून प्रत्येक मोत्याला पहिला प्रश्न विचारला जाऊ लागला: आपोआप घडला, की घडवला?

६/
काळ्या मोत्याचे मूळ वेगळ्या शिंपल्यात आहे. दक्षिण प्रशांत महासागरातील काळ्या ओठाचा शिंपला आपल्या थरांत गडद रंगद्रव्य मिसळतो. असा मोती पूर्वी दैवयोगानेच सापडे. १९६० च्या दशकात फ्रेंच पॉलिनेशियात त्याच्या संवर्धनाचे प्रयोग झाले आणि पुढच्या दशकात तो ‘ताहिती मोती’ या नावाने जगाच्या बाजारात उतरला.

७/
मागणी वाढताच दुसरा प्रश्न उभा राहिला: रंग कुणाचा? फिकट मोती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने काळा करता येतो; किरणोत्साराने गडद करता येतो. म्हणून ‘नैसर्गिक काळा’ या शब्दांत फसगत दडलेली असते. आजच्या बहुतेक ताहिती मोत्यांचा रंग नैसर्गिक असतो. मोती मात्र संवर्धित असतो.

८/
मुळशीसारख्या धरणाच्या मुलुखात साहजिकच विचारले जाईल: आपल्या गोड्या पाण्यात काळा मोती पिकेल का? भारतीय नद्या-तळ्यांतील शिंपला पांढरे, मलईरंगी, गुलाबीसर मोती देतो. गोड्या पाण्यातला म्हणून विकला जाणारा काळाकुट्ट मोती सहसा रंगवलेलाच असतो. भारतात काळ्या ओठाचा शिंपला अंदमानच्या खाऱ्या पाण्यात आढळतो.

९/
निवड करताना मोती पांढऱ्या कापडावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावा. अस्सल काळ्यात हिरवी, निळी, वांगी, मोरमानेची झाक फिरते. सगळ्या सरात शाईसारखा एकसारखा काळा दिसला, किंवा भिंगातून छिद्राशी रंग साचलेला दिसला, तर शंका घ्यावी. पण डोळ्यांना होते ती शंकाच, निर्णय प्रयोगशाळेचा. क्ष-किरण मोत्याच्या आतली रचना दाखवतात, वर्णपट रंगाचा उगम सांगतो. पावतीवर दोन्ही उत्तरे स्वतंत्रपणे लिहून घ्यावीत: मोती कसा घडला, आणि रंग कुणाचा.

१०/
हीच परीक्षा घरातल्या जुन्या डब्यालाही लागू आहे. आजीची नथ किंवा कुड्या मोडीत घालताना सोन्याचे वजन होते आणि पिवळसर पडलेले मोती बाजूला काढले जातात. त्यांतला एखादा दाणा मिकिमोतोपूर्वीच्या काळातला, आखातात आपोआप घडलेला असू शकतो. काळ्या मोत्यांचा नवा सर घेण्यासाठी तो दाणा कवडीमोलाने गेला, तर घरातून दुर्मीळ वस्तू जाईल आणि तिच्या जागी मुबलक वस्तू येईल. मोड करण्याआधी मोती तपासून घ्यावेत.