आवाजाचें दप्तर

हिंदुस्थान स्वतंत्र झाला तेव्हां संस्थानी मुलुखांत पांच नभोवाणी केंद्रें होतीं : म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, बडोदें आणि पांचवें औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपती संभाजीनगर. निजामाच्या राज्यांतील या मराठी शहराला आकाशांतून बोलणारें यंत्र असें लवकर लाभलें. विद्यापीठ मात्र त्याच्या वांट्यास आलें तें २३ ऑगस्ट १९५८ रोजीं. परंतु नभोवाणीचा आवाज ऐकूं येतो त्याच क्षणीं विरूनहि जातो. तो राखून ठेवणें हें निराळें काम आहे आणि त्याला निराळा माणूस लागतो. या माणसास विद्यापीठांत कोणती खुर्ची द्यावी, तो पंडित कीं मिस्त्री, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षें रेंगाळत पडला आहे.

एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला. व्यापाऱ्यांनीं त्याचें मोल लगेच ओळखलें. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा गेसबर्ग कलकत्त्यास येऊन गौहरजानचें गाणें तबकडीवर उतरवून गेला. विद्यापीठांत हें यंत्र शिरलें तें संगीताच्या नव्हे, मानसशास्त्राच्या दारानें. बर्लिन विद्यापीठांतील मानसशास्त्राचे प्राध्यापक कार्ल श्टुम्फ यांनीं १९०० सालीं तेथें आलेल्या सयामी नाटक मंडळीचें वादन मेणाच्या नळ्यांवर मुद्रित केलें आणि त्यांतून एक ध्वनिसंग्रह उभा राहिला. १९०५ पासून तो सांभाळणारे हॉर्नबोस्टेल हे रसायनशास्त्राचे डॉक्टर होते. येथें त्या विद्येचा उपयोग झाला नाहीं असें म्हणवत नाहीं; कारण मेणाची नळी दर वेळीं वाजवितांना थोडी झिजते, आणि म्हणून मूळ नळीवर तांब्याचा थर चढवून त्या सांच्यांतून नव्या प्रती काढाव्या लागत. ऐकण्याचें शास्त्र आणि धातूची करामत या दोन्ही गोष्टी एकाच खोलींत नांदत होत्या. (आपल्याकडेहि योगायोग पहावा : १९३५ सालीं म्हैसूरला स्वतःच्या घरांतून नभोवाणी चालविणारे डॉ. गोपालस्वामी हेहि मानसशास्त्राचेच प्राध्यापक.)

त्याच बर्लिनांत विल्हेल्म डोगेन नांवाचे एक शाळामास्तर होते. इंग्रजी शिकवितांना मुलांना खरे उच्चार ऐकवावेत म्हणून त्यांनीं तबकड्यांचा नाद धरला. पहिलें महायुद्ध पेटलें, शत्रुसैन्यांतील नाना देशींचे कैदी जर्मन छावण्यांत आले, आणि १९१५ सालीं त्यांच्या भाषा व गाणीं टिपण्यासाठीं श्टुम्फ यांच्या अध्यक्षतेखालीं सुमारें तीस विद्वानांचें मंडळ नेमलें गेलें. त्यांत यंत्राची बाजू डोगेन यांनीं संभाळली. सोळाशेंहून अधिक तबकड्या त्यांनीं भरल्या. प्रत्येक तबकडीबरोबर बोलणाऱ्याचा एक पत्रक भरला जाई : नांव, वय, जन्मगांव, आईबापांची भाषा, शिक्षण, धंदा, आणि शेवटीं आवाजाविषयीं शेरा. बर्लिनजवळील व्युन्सडोर्फ येथील छावणींत ११ डिसेंबर १९१६ रोजीं मल्लसिंग या पंजाबी शिपायानें कर्ण्यांत तोंड घालून आपल्या मुलुखाची आठवण काढली. ती आजहि ऐकतां येते. त्याला ‘नाहीं’ म्हणण्याची मुभा कितपत होती हें ज्यानें त्यानें ओळखावें. शास्त्राच्या नांवानें झालेला हा उद्योग निर्मळ होता असें म्हणणें धाडसाचें होईल. तरीहि एवढें खरें, कीं पत्रक होता म्हणून आज त्या आवाजाला नांव आहे. पुढें १९३४ सालीं हा संग्रह बर्लिन विद्यापीठांत आला, तो भाषापंडितांच्या हाताखालीं.

हिंदुस्थानांत असें काम ग्रिअर्सन साहेबांच्या भाषापाहणीनें केलें. मराठीचा सातवा खंड १९०५ सालीं निघाला, आणि पुढें निरनिराळ्या प्रांतिक सरकारांकडून बोलींच्या तबकड्याहि करविल्या गेल्या. उधळ्या मुलाची बायबलांतील गोष्ट ही या पाहणीची ठरीव उताऱ्याची गोष्ट होती. परंतु निजामाचें राज्य या पाहणीच्या कक्षेबाहेर राहिलें. ज्या गोदाकाठीं नाथांनीं आणि ज्ञानेश्वरांनीं मराठी घडविली, त्या पैठण-आपेगांवाची चालती बोली अशा रीतीनें सरकारी दप्तराबाहेरच राहिली.

इकडे यंत्राचे जाणकार तयार होत होते ते विद्यापीठापासून दूर, चित्रपटाच्या धंद्यांत. कोल्हापुरास ‘प्रभात’नें १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ काढला, त्याच्या ध्वनिमुद्रणाचा भार विष्णुपंत दामले यांनीं उचलला होता. दामले हे बाबूराव पेंटरांच्या हाताखालीं पडदे व यंत्रें यांत मुरलेले गृहस्थ. ध्वनिशास्त्राची पदवी त्यांना कोणी दिली नव्हती, आणि देणारेंहि कोणी नव्हतें. प्रभात पुण्यास आली, वाढली, मोडली. त्याच जागेंत १९६० सालीं सरकारनें फिल्म इन्स्टिट्यूट उघडलें, आणि जी कला दामल्यांनीं हातानें कमावली ती तेथें अभ्यासक्रम होऊन बसली. २००९ सालीं ध्वनिमिश्रणासाठीं ऑस्कर मिळविणारे रसूल पुकुट्टी हे याच संस्थेचे विद्यार्थी. पण येथून बाहेर पडणारा पदविकाधारक सहसा चित्रपटाच्या वाटेनें जातो. खेड्यांतील म्हातारीच्या ओवीसाठीं त्याला बोलावणारें पद विद्यापीठांत क्वचितच असतें. परिणामीं प्राध्यापक स्वतःच यंत्र खांद्याला लावतो, आणि पुष्कळदां फितीवर ओवीपेक्षां वारा अधिक ऐकूं येतो.

या दोन वाटा जोडण्याचा यत्न झालाच नाहीं असें नाहीं. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे संचालक म्हणून १९६८ पासून १९८३ पर्यंत डॉ. अशोक रानडे यांनीं काम केलें. गाणारा, शिकविणारा आणि ऐकण्याचा अभ्यास करणारा हे तिघे त्यांच्या ठायीं एकत्र होते. पुढें ते ज्या संस्थेंत गेले, ती १९८२ सालीं पुण्यास निघाली होती. परदेशी अभ्यासक येथें येऊन मुद्रणें करीत व फिती घेऊन आपापल्या विद्यापीठीं जात. गाणें ज्या देशाचें त्या देशांत तें ऐकावयास मिळत नसे. या मुद्रणांच्या प्रती हिंदुस्थानांत आणून ठेवाव्यात, हा नझीर जयराजभाई यांचा त्यामागील हेतु. ही संस्था पुढें दिल्लीकडे गेली, असो.

आतां जात्याकडे वळावें. हेमा राईरकर व गी पोएतव्हँ या दोघांनीं पुण्यांत बसून, आणि त्याहून अधिक खेडोपाडीं हिंडून, जात्यावरच्या ओव्या जमविल्या. हजाराहून अधिक गांवें आणि एक लाखाहून अधिक ओव्या, असा हा पसारा. आरंभीं सर्व कागदावर होतें. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बर्नार बेल हे यंत्र व संगणक यांचे जाणकार त्यांस येऊन मिळाले, तेव्हां ओव्यांना आवाज मिळाला. हें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. तोपर्यंत गांवोगांव पिठाच्या गिरण्या झालेल्या. पहाटे दळतांना ओवी आपसूक सुचे ती वेळच उरली नव्हती, आणि रिकाम्या हातांनीं बायकांना ओळी आठवेनात. जातें फिरूं लागलें म्हणजे ओठ मोकळे होत; पण मग जात्याची घरघर मायक्रोफोनांत शिरे. तो तोंडाजवळ धरावा तर शब्द स्वच्छ, पण जातें हरवतें. दूर ठेवावा तर जातें राहतें आणि शब्द बुडतात. यांतलें काय राखावें हा निर्णय यंत्राचा नव्हे, विद्येचा आहे. आणि तो करावा लागतो यंत्रावर हात ठेवून.

मराठवाड्याचा आवाज येथें आला. १९९६ च्या एप्रिलांत बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या भीमनगरांत या मंडळींनीं बायकांच्या ओव्या मुद्रित केल्या. त्यांत रामसीतेइतक्याच सहजतेनें बाबासाहेब आंबेडकर येतात. ज्यांनीं १९५० सालीं औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढलें, ज्यांचें नांव १९९४ सालीं येथील विद्यापीठास जोडलें गेलें, त्यांच्याविषयीं शाळेचें तोंड न पाहिलेल्या बायकांनीं काय म्हटलें, याचा हा अस्सल दाखला. तो विद्यापीठाच्या कपाटांत नव्हे, बाहेरच्या माणसांनीं भरलेल्या फितींत सांपडला. लोकसाहित्याचे अभ्यासक डॉ. प्रभाकर मांडे यांची कर्मभूमि हेंच शहर. तेव्हां विद्वत्तेची वाण येथें नव्हती.

२०१७ पासून ग्रामीण जीवनाचा संग्रह करणाऱ्या ‘परी’ या संस्थेनें या ओव्या क्रमानें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. मुद्रणाला दोन दशकें लोटलीं होतीं. तरी वहींत प्रत्येक ओवीपुढें गाणारीचें नांव, गांव आणि वस्ती लिहिलेली होती, आणि त्या वहीच्या आधारानें कार्यकर्ते पुन्हा गाणाऱ्यांच्या शोधांत माजलगांवास गेले.