अमेरिकेतील नोकरीचा अर्ज : मालक काय विचारू शकतो, काय नाही

अकोल्याच्या अभियंत्याने पुण्यातील कंपनीत अर्ज केला, तर ‘तुम्हाला पुण्यात काम करण्याचा अधिकार आहे काय?’ असा प्रश्न त्याला कोणी विचारत नाही. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशात कोठेही राहण्याचे आणि कोणताही व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत १५ वर्षांच्या वास्तव्यावर आधारलेले अधिवास प्रमाणपत्र मागितले जाते खरे. पण ती त्या भरतीची अट असते, काम करण्याचा परवाना नव्हे.

अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, बडनेऱ्याचे प्रा. राम मेघे तंत्रज्ञान संस्थेचे महाविद्यालय किंवा शेगावचे श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय येथून पदवी घेऊन अमेरिकेत ‘एमएस’ करण्यास गेलेल्या विद्यार्थ्याला मात्र तेथील पहिल्याच अर्जात हा प्रश्न भेटतो. त्याचे उत्तर कसे द्यावे, मालकाने आणखी काय विचारले तर ते कायद्याला धरून आहे आणि कोठे तो मर्यादा ओलांडतो, हे विद्यार्थ्याला आणि वऱ्हाडातील त्याच्या पालकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. येथे झालेली एक चूक आयुष्यभर पुसता येत नाही.

कायदा १९८६ चा

अमेरिकेत ६ नोव्हेंबर १९८६ रोजी ‘इमिग्रेशन रिफॉर्म अँड कंट्रोल अॅक्ट’ हा कायदा अमलात आला. परवानगी नसलेल्या व्यक्तीस कामावर ठेवणाऱ्या मालकाला त्याने प्रथमच दंडास पात्र ठरवले. दंडाच्या भीतीने मालक परकीय दिसणाऱ्या किंवा परकीय नाव असलेल्या प्रत्येकालाच दूर ठेवतील, ही शंका तेव्हाच व्यक्त झाली होती. म्हणून त्याच कायद्यात भेदभावास मनाई करणारे कलमही घालण्यात आले. मालकाने तपासणी केलीच पाहिजे. परंतु ती सर्वांची सारखी आणि ठरलेल्या वेळीच केली पाहिजे. पुढील सर्व नियम या दोन बाजूंच्या समतोलातून निघाले आहेत.

विचारता येणारे दोन प्रश्न

अर्जाच्या किंवा मुलाखतीच्या टप्प्यावर मालक दोन प्रश्न निःशंकपणे विचारू शकतो. पहिला : ‘अमेरिकेत काम करण्याचा कायदेशीर अधिकार तुम्हाला आहे काय?’ दुसरा : ‘आता किंवा भविष्यात तुम्हाला एच-१ बी सारख्या व्हिसासाठी कंपनीच्या स्पॉन्सरशिपची गरज पडेल काय?’ हे प्रश्न सर्व उमेदवारांना सारख्याच शब्दांत विचारले जावेत, एवढीच अपेक्षा आहे. स्पॉन्सरशिप लागेल असे उत्तर आल्यास उमेदवाराचा सध्याचा दर्जा व त्याची मुदत यांची पुढील चौकशीही मालक करू शकतो.

उत्तरे उमेदवाराच्या दर्जानुसार बदलतात. अमरावतीत बसून अर्ज करणाऱ्याचे पहिले उत्तर ‘नाही’ आणि दुसरे ‘होय’ असते. ग्रीन कार्डधारकाचे पहिले ‘होय’ व दुसरे ‘नाही’. एफ-१ व्हिसावर शिक्षण पूर्ण करून ओपीटी या प्रशिक्षण सवलतीखाली काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले उत्तर ‘होय’. मात्र ओपीटी १२ महिन्यांची आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांसाठी आणखी २४ महिन्यांची असल्याने, पुढेही तेथेच राहावयाचे असेल तर त्याचे दुसरे उत्तर बहुधा ‘होय’च असते.

एच-१ बी धारकाच्या पत्नीला किंवा पतीला मे २०१५ पासून, ठरावीक अटी पूर्ण झाल्यास, एच-४ दर्जावर काम करण्याचे कार्ड मिळू लागले. असे कार्ड हाती असणाऱ्यास विशिष्ट मालकाच्या स्पॉन्सरशिपची गरज नसते. एल-१ धारकाच्या जोडीदारास तर नोव्हेंबर २०२१ पासून दर्जाबरोबरच कामाचा अधिकार मिळतो. लग्नानंतर अमेरिकेत गेलेल्या आणि वर्षानुवर्षे घरी बसलेल्या वऱ्हाडातील उच्चशिक्षित मुलींच्या दृष्टीने हा बदल महत्त्वाचा आहे.

विचारू नयेत असे प्रश्न

‘तुमचा जन्म कोठला?’, ‘हे आडनाव कोणत्या देशातले?’, ‘घरी कोणती भाषा बोलता?’ असे प्रश्न कामाशी संबंधित नसतात. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार राष्ट्रीय मूळ पाहून नोकरी नाकारता येत नाही; असे प्रश्न विचारून नंतर उमेदवाराला डावलल्यास तेच भेदभावाचा पुरावा ठरू शकतात. उच्चारांची ढब ही प्रत्यक्ष कामात अडथळा येत असेल तरच नकाराचे कारण होऊ शकते.

संरक्षण सामग्री किंवा निर्यातबंदी असलेल्या तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात कायद्याच्या गरजेपुरती नागरिकत्वाविषयी अधिक विचारणा होते. तथापि, तिचे निमित्त करून सर्वच पदांसाठी ‘फक्त नागरिकांनी अर्ज करावा’ असे म्हणता येत नाही.

आपल्याकडच्या बायोडेटात जन्मतारीख, वडिलांचे नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती आणि छायाचित्र देण्याची पद्धत आहे. अमेरिकेत यातील काहीही देण्याची गरज नसते. ही माहिती हाती आल्यास भेदभावाचा आरोप होईल म्हणून अनेक मालकांना ती नकोच असते.

आय-९ : कागद निवडण्याचा हक्क कर्मचाऱ्याचा

नोकरी देऊ केली आणि उमेदवाराने ती स्वीकारली, की मगच आय-९ या अर्जाची वेळ येते. त्याचा पहिला भाग कर्मचाऱ्याने कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरावयाचा असतो. दुसरा भाग मालकाने काम सुरू झाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत, मूळ कागदपत्रे तपासून पूर्ण करावयाचा असतो.

कागदपत्रांच्या तीन याद्या आहेत. ‘अ’ यादीतील एकच कागद ओळख व अधिकार दोन्ही सिद्ध करतो. त्यात अमेरिकी पासपोर्ट, ग्रीन कार्ड, कामाचे ईएडी कार्ड, तसेच एच-१ बी धारकासाठी भारतीय पासपोर्ट आणि आय-९४ हा प्रवेश नोंदीचा कागद यांची जोडी येते. ‘ब’ यादीतील वाहन परवान्यासारखा कागद केवळ ओळख पटवतो, तर ‘क’ यादीतील कागद केवळ अधिकार दाखवतो. ‘अ’ मधील एक, अथवा ‘ब’ व ‘क’ मधील प्रत्येकी एक, एवढे पुरेसे असते. कोणता कागद द्यावयाचा ही निवड कर्मचाऱ्याची असते. ‘तुम्ही भारतीय आहात, तेव्हा ग्रीन कार्डच दाखवा’ किंवा ‘हे पुरेसे नाही, आणखी एक आणा’ असे मालकाने म्हणणे बेकायदा ठरू शकते.

विद्यार्थ्यांची येथे एक नेहमीची गफलत होते. त्यांना मिळणाऱ्या सोशल सिक्युरिटी कार्डवर, गृहसुरक्षा विभागाच्या परवानगीसहच ते कामासाठी वैध आहे, अशा अर्थाचा शेरा छापलेला असतो. असे कार्ड ‘क’ यादीत चालत नाही. मालकाने ते नाकारले तर तो भेदभाव नसतो. ओपीटीवरील विद्यार्थ्याने त्याऐवजी ईएडी कार्ड दाखवावे.

परवानगीची मुदत संपत आली की मालकाने पुन्हा तपासणी करणे योग्यच असते. अमेरिकी नागरिकाची किंवा ग्रीन कार्डधारकाची अशी फेरतपासणी मात्र केवळ त्याच्या कार्डाची वा पासपोर्टची मुदत संपली म्हणून करता येत नाही.

मराठी नावांचा घोळ

स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव ही आपली पद्धत. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचे नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात, तर लग्नानंतर मधले नाव व आडनाव दोन्ही बदललेली, असे एकाच व्यक्तीचे तीन अवतार कागदोपत्री आढळतात. पासपोर्टवर आडनावाचा किंवा नावाचा रकाना रिकामा असेल, तर अमेरिकी व्हिसावर नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे नाव अज्ञात, अशी अक्षरे उमटतात.

याचा फटका ‘ई-व्हेरिफाय’ या संगणकीय पडताळणीत बसतो. नोंदी जुळल्या नाहीत तर ‘तात्पुरती विसंगती’ असा निकाल येतो. कर्मचाऱ्याने तो मान्य नसल्याचे सांगितल्यास संबंधित सरकारी कार्यालयाशी संपर्क साधण्यासाठी त्याला कामकाजाचे आठ दिवस मिळतात, आणि अंतिम निर्णय लागेपर्यंत मालक त्या कारणावरून त्याला काढू शकत नाही. ही पडताळणी नोकरी दिल्यानंतरच करावयाची असते. उमेदवारांची चाळणी लावण्यासाठी तिचा वापर निषिद्ध आहे. २४ महिन्यांच्या वाढीव ओपीटीसाठी मालक ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेला असणे बंधनकारक असल्याने आपल्या विद्यार्थ्यांचा या यंत्रणेशी संबंध येतोच. अमेरिकेस निघण्यापूर्वीच पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र व विवाह नोंदणी यांवरील नावे एकसारखी करून घेणे हा त्यावरील सोपा उपाय होय.

संरक्षण सर्वांना सारखे नाही

अनेकांचा येथे गैरसमज होतो. नागरिकत्वाच्या दर्जावरून होणाऱ्या भेदभावापासून संरक्षण मिळते ते अमेरिकी नागरिक, निर्वासित, आश्रय मिळालेले लोक आणि बहुतेक ग्रीन कार्डधारक यांना. एच-१ बी धारक किंवा ओपीटीवरील विद्यार्थी त्यात मोडत नाही. ‘आम्ही कोणालाही स्पॉन्सर करीत नाही’ असे सांगून मालकाने त्याला नाकारले, तर तो नकार कायदेशीर असतो. राष्ट्रीय मूळावरून होणारा भेदभाव आणि आय-९ च्या कागदांवरून होणारा छळ यांविरुद्ध मात्र कामाचा अधिकार असलेल्या त्यालाही दाद मागता येते.

एच-१ बी साठी दरवर्षी ६५,००० आणि अमेरिकी विद्यापीठाची उच्च पदवी असणाऱ्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा कायद्यात आहे. १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भरणा लादला. मालकाचा नकार हा बहुतेक वेळा या खर्चाचा व अनिश्चिततेचा हिशेब असतो, हे उमेदवाराने ओळखावे.

उलट दिशेचा भेदभावही कायद्याला मान्य नाही. ‘फक्त एच-१ बी आणि ओपीटी उमेदवार हवेत’ अशा जाहिराती नागरिकांवर अन्याय करणाऱ्या, म्हणून बेकायदा ठरतात. ग्रीन कार्ड प्रक्रियेतील जागा तात्पुरत्या व्हिसाधारकांसाठी राखल्याच्या आरोपावरून फेसबुकने ऑक्टोबर २०२१ मध्ये १ कोटी ४२ लाख ५० हजार डॉलरपर्यंतची, तर भरतीत अशाच प्रकारे नागरिकांना व इतर संरक्षित कामगारांना डावलल्याच्या आरोपावरून अॅपलने नोव्हेंबर २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलरपर्यंतची तडजोड न्याय विभागाशी केली. इन्फोसिसने ऑक्टोबर २०१३ मध्ये ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली. त्यातील आरोपांमध्ये आय-९ च्या नोंदी नीट न ठेवल्याचाही समावेश होता. व्हिसाचा पद्धतशीर गैरवापर केल्याचा आरोप मात्र कंपनीने नाकारला होता. एजन्सी ‘खास भारतीयांसाठी’ जागा असल्याचे सांगत असेल, तर सावध होण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

खोट्या उत्तराची किंमत

ओपीटीच्या पहिल्या काळात विद्यार्थ्याला एकूण ९० दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही. त्या दिवसांची मोजणी चालू असते, डोक्यावर शैक्षणिक कर्ज असते आणि स्पॉन्सरशिपच्या प्रश्नाला ‘होय’ म्हटले की अर्ज मागे पडतो, असा अनुभव येतो. अशा वेळी ‘नाही’ असे उत्तर देण्याचा मोह होतो. ते खोटे उत्तर पुढे उघड झाल्यास नोकरी जाऊ शकते.

त्याहून गंभीर चूक आय-९ वर घडते. पहिल्या भागात आपण नागरिक आहोत, कायम रहिवासी आहोत की मुदतीपर्यंत कामाचा अधिकार असलेले परकीय, यांपैकी एका चौकटीत खूण करावयाची असते. घाईत किंवा कोणाच्या सल्ल्याने ‘नागरिक’ या चौकटीत खूण केली, तर तो नागरिकत्वाचा खोटा दावा होतो. ३० सप्टेंबर १९९६ नंतर केलेल्या अशा दाव्याने व्यक्ती अमेरिकेत प्रवेशास कायमची अपात्र ठरू शकते आणि ग्रीन कार्डच्या मार्गावर त्यास जवळपास माफी नाही. ही चूक मालक करीत नाही. कर्मचारी स्वतःच्या सहीनिशी करतो.

दाद कोठे मागावी

आय-९ व नागरिकत्वविषयक तक्रारी न्याय विभागाच्या ‘इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शन’ या शाखेकडे १८० दिवसांच्या आत करता येतात. तिच्या दूरध्वनी सेवेवर नाव न सांगताही सल्ला मिळतो आणि दुभाष्याची सोय असते. राष्ट्रीय मूळावरील भेदभावाची तक्रार १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाविरुद्ध समान रोजगार संधी आयोगाकडे जाते. मालकाकडे ४ ते १४ कर्मचारी असल्यास ती वरील शाखाच हाताळते. तक्रार केली म्हणून मालकाने सूड उगवणे हाही स्वतंत्र गुन्हा मानला जातो.

ब्रिटनचा नियम याहून निराळा आहे. तेथे २००६ च्या कायद्यानुसार काम सुरू होण्यापूर्वीच तपासणी पूर्ण व्हावी लागते आणि बहुतेक परकीय कर्मचारी आपला दर्जा ‘शेअर कोड’द्वारे संगणकावर दाखवतात. फेब्रुवारी २०२४ पासून तेथील मालकाला पहिल्या उल्लंघनासाठी प्रत्येक बेकायदा कामगारामागे ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून अमेरिकेत योग्य ठरलेले उत्तर इंग्लंडमध्ये तसेच्या तसे लागू पडेल, असे समजू नये.

प्रश्न विचारण्याच्या मालकाच्या हक्काला मर्यादा आहेत, तसे खरे सांगण्याच्या उमेदवाराच्या कर्तव्याला अपवाद नाहीत. अर्ज पाठवण्यापूर्वी आपला दर्जा व त्याची मुदत विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून तपासून घ्यावी, भरलेल्या प्रत्येक अर्जाची प्रत जपून ठेवावी आणि न समजलेल्या चौकटीत विचारल्याशिवाय खूण करू नये.