आवाजावर आवाजाचा उतारा

इअरबड्समधलं नॉइज कॅन्सलेशन ही आपल्याला कालपरवाची गोष्ट वाटते. पण त्यामागच्या कल्पनेचं अमेरिकन पेटंट आहे १९३६ सालचं! पॉल ल्यूग या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाचं.

आधी एक प्रयोग. दोन स्पीकर मीटरभर अंतरावर ठेवा, दोन्हींवर ५०० हर्ट्झचा एकच सूर लावा आणि त्यांच्यासमोरून आडवे चालत जा. आवाज मोठा होईल, मग एकदम दबेल, मग परत मोठा. या सुराची एक लाट साधारण ६९ सेंटीमीटरची. जिथे एक स्पीकर तुमच्यापासून दुसऱ्यापेक्षा ३४ सेंटीमीटर लांब पडतो, तिथे एकाची लाट चढत असताना दुसऱ्याची उतरत असते, आणि दोघी एकमेकींना खातात. (भिंतींवरून आवाज परत येतो, त्यामुळे खोलीत पूर्ण शांतता मिळत नाही.) लाटांची अशी बेरीज-वजाबाकी टॉमस यंगने १८०० च्या सुमारास मांडली होती, तीही प्रकाशाआधी ध्वनीसाठी.

ल्यूगची युक्ती मला अजूनही भारी वाटते. नळीतून आवाज येतोय. वाटेत मायक्रोफोन, पुढे स्पीकर. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. वीज तारेतून जवळपास तत्काळ पोचते. म्हणजे आवाज येण्याआधीच त्याची उलटी लाट तयार! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, ३ मिलिसेकंदांची डेडलाइन.

नळीत ठीक आहे, पण मोकळ्या जागेत? तिथे आपला प्रयोगच आडवा येतो. एका जागी आवाज दबला, तर दोन पावलांवर उलट वाढतो. १९५३ मध्ये ओल्सन आणि मे यांनी म्हणून खोलीचा नाद सोडून फक्त खुर्चीत बसलेल्याच्या डोक्याजवळ शांतता करायचं सुचवलं.

मग १९७८. अमर बोस झुरिकहून बॉस्टनला परतत होते. विमानातल्या हेडफोनमध्ये इंजिनाच्या घरघरीमुळे गाणं नीट ऐकू येईना, तर त्यांनी विमानातच गणित मांडायला घेतलं. कानाच्या कपात जागाच इतकी छोटी, की ‘दोन पावलांवर’ हा प्रश्नच उरत नाही! वैमानिकांसाठीचा त्यांच्या कंपनीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला.

अर्थात उंच सुरांच्या लाटा काही सेंटीमीटरच्याच असतात, तिथे जरासा उशीरही महागात पडतो. म्हणून विमानाची घरघर जाते, मागच्या सीटवरच्या बाळाचं रडणं मात्र थोडंफार ऐकू येतंच.