भंगार कोण ठरवतं?

पिक्चर भंगार, रस्ता भंगार, सरकारी दवाखाना भंगार. हा शब्द आपण दिवसातून किती वेळा वापरतो, मोजून बघा.

आता गंमत ऐका. कोकणीत 'भांगर' म्हणजे चक्क सोनं. आणि ही फक्त गोव्याची गोष्ट नाही. 1290 सालच्या ज्ञानेश्वरीतही 'भांगार' हा शब्द सोन्यासाठीच येतो. आजच्या मराठीत मात्र एक काना गेला की सोन्याचं भंगार होतं!

मला वाटतं, हा फरक वस्तूत नसतोच. जुना दागिना सराफाकडे मोडीत देताना आपण वजन, घट, भाव डोळ्यांत तेल घालून तपासतो. तुटलेल्या बांगडीला कुणी भंगार म्हणत नाही. पत्रा, लोखंड, रद्दी निघाली की मात्र "काय द्यायचं ते दे, पण घेऊन जा". मोडलेलं दोन्ही आहे. एकाची किंमत आपल्याला ठाऊक आहे, एवढाच फरक.

आयएनएस विक्रांत आठवा. 1971 च्या युद्धात याच जहाजावरच्या विमानांनी चितगाव, कॉक्स बाजारवर हल्ले केले. 1997 मध्ये ती निवृत्त झाली, पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. ते चालवणं परवडेना, म्हणून 2014 मध्ये सुमारे 60 कोटींना विकली आणि दारूखान्यात तोडली. 2016 मध्ये बजाजने तिचं पोलाद वापरून मोटारसायकल काढली आणि लोकांनी ती अभिमानाने घेतली. जी सांभाळायला जड होती, तीच विकत घ्यायला मौल्यवान झाली.

हे गणित कचरा वेचणाऱ्या बायांना आपल्याआधी कळलं होतं. 1993 मध्ये पुण्यात त्यांनी 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी केली. नावातच माल आहे बघा, 'कचरा' शब्द कुठेही नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही घाण करत नाही, काम करतो. त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली आणि 2008 पासून महापालिकेशी करार करून या बाया दारोदार कचरा गोळा करू लागल्या.

म्हणून एखादी झेडपीची शाळा, एखादा एसटी डेपो "भंगार झालाय" असं कुणी म्हणालं, की मी आधी दोनच प्रश्न विचारतो. हे ठरवलं कोणी? आणि ती जागा घेणार कोण?

तुमच्या गावातही विचारून बघा.