जॅझमधील उपज आणि फिरती तबकडी : १९६९ ते २००४

जॅझ संगीताचा इतिहास लिहिताना अभ्यासक बहुधा एक गोष्ट गृहीत धरतात. जॅझचा प्राण वादकाच्या तत्काळ स्फुरणाऱ्या उपजेत आहे आणि ध्वनिमुद्रण म्हणजे त्या क्षणाचे केवळ टिपण होय, हे ते गृहीत. एकदा ते मान्य केले की, पुढील काळात या संगीतात शिरलेला फंकचा ठेका, विद्युत्-वाद्ये आणि टर्नटेबल यांकडे उपऱ्या गोष्टी म्हणूनच पाहावे लागते. प्रस्तुत निबंधात या गृहीताची परीक्षा करावयाची आहे. प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. उपजेचा क्षण कोणाच्या मालकीचा, हा वाद पुढे न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा निर्णय याच गृहीताच्या जवळपास येऊन थांबला.

आरंभ १८ फेब्रुवारी १९६९ पासून करणे सोयीचे ठरेल. त्या दिवशी न्यूयॉर्क येथे माइल्स डेव्हिस यांनी ‘इन अ सायलेंट वे’ या ध्वनिमुद्रिकेसाठी वादन केले. निर्माते टिओ मासेरो यांनी त्या ध्वनिफिती कापून जोडल्या. दुसऱ्या बाजूच्या प्रारंभीचा संथ भाग त्याच बाजूच्या शेवटी पुन्हा ऐकू येतो. परंतु तो पुन्हा वाजविलेला नाही, त्याच मुद्रणाची ती प्रत आहे. एकदाच घडलेली उपज येथे रचनेचा घटक बनली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुद्रित झालेल्या आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘बिचेस ब्रू’मध्ये ही पद्धती अधिक विस्ताराने वापरली गेली. म्हणजे टर्नटेबल येण्यापूर्वीच जॅझमध्ये मुद्रित क्षण कच्च्या मालासारखा हाताळला जाऊ लागला होता.

याच सुमारास दुसरे एक परिवर्तन घडत होते. जेम्स ब्राउन आणि स्लाय स्टोन यांच्या फंक संगीतात स्वरसंवादांची मालिका मागे पडून एकच लयबंध अखंड आवर्तत राहतो. १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’मध्ये डेव्हिस यांनी हा आवर्ती लयबंध पायाभूत मानला. त्यात बादल रॉय यांचा तबला आणि कॉलिन वॉलकॉट यांची सतारही आहे. तत्कालीन जॅझ-समीक्षकांपैकी अनेकांनी या ध्वनिमुद्रिकेवर कठोर टीका केली. डेव्हिस यांच्याकडे पूर्वी पियानो वाजविणारे हर्बी हॅन्कॉक यांनी १९७३ साली ‘हेड हंटर्स’ प्रसिद्ध केली. तीतील ‘कमीलियन’ या रचनेत खर्जाची आवर्ती चाल सिंथेसायझरवर वाजविलेली आहे. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवरील लेहरा जे कार्य करतो, तेच येथे ही चाल करते. चौकट स्थिर राहते आणि म्हणूनच उपजेला मोकळीक मिळते. आवर्तनाने उपजेचा संकोच होतो, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही.

‘हेड हंटर्स’ ज्या वर्षी निघाली, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स विभागात तिसरा प्रवाह उगम पावला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अॅव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, मूळच्या जमैकातील क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क या तरुणाने नृत्यसमारंभात तबकड्या वाजविल्या. फंकच्या मुद्रिकांत इतर वाद्ये थांबून केवळ ढोलांचा गजर उरतो, असे लहान तुकडे असतात. एकाच मुद्रिकेच्या दोन प्रती दोन यंत्रांवर ठेवून तो तुकडा हवा तितका लांबविण्याची युक्ती हर्क यांनी रूढ केली. मासेरो यांनी कात्रीने जे केले, तेच हर्क यांनी श्रोत्यांसमोर हातांनी केले. तबकडी सुईखाली मागेपुढे घासून लयबद्ध नाद काढण्याच्या क्रियेचे, म्हणजे ‘स्क्रॅच’चे, श्रेय सामान्यतः ग्रँड विझर्ड थिओडोर यांना देण्यात येते.

हे प्रवाह १९८३ साली हॅन्कॉक यांच्या ‘रॉकिट’ या रचनेत एकत्र आले. बिल लॅस्वेल आणि मायकेल बाइनहॉर्न यांनी यंत्रचलित तालाचा पाया रचला, हॅन्कॉक यांनी विद्युत्-कळवाद्ये वाजविली आणि ग्रँड मिक्सर डीएसटी यांनी टर्नटेबल हाताळले. १९८४ साली या रचनेला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ते मात्र जॅझच्या नव्हे, रिदम अँड ब्लूजच्या वर्गातील होते. ही वर्गवारीच तत्कालीन संभ्रमाची साक्ष होय.

येथे एक रास्त आक्षेप विचारात घेतला पाहिजे. तबकडीवर जे आहे ते आधीच वाजून झालेले आहे; मग ती फिरविणारा उपज कशी करणार? उत्तर असे की, उपज म्हणजे शून्यातून निर्मिती नव्हे. जॅझवादकही परिचित चालीचे तुकडे, पूर्वसूरींचे स्वरसमूह आणि हाताला बसलेल्या हरकती यांतूनच वादन घडवितो. कोणता तुकडा, कोणत्या क्षणी, कोणत्या वजनाने घ्यावयाचा हा निर्णय तत्काळ होतो, तेथे उपज असते. तबकडीवादकाचा हात हाच निर्णय घेतो. तथापि एक भेद उरतो. जॅझवादक पूर्वसूरीचा स्वरसमूह स्वतः वाजवितो. तबकडीवादक पूर्वसूरीचे प्रत्यक्ष वादनच उचलतो. येथूनच मालकीचा प्रश्न उद्भवतो.

जॅझ बासरीवादक जेम्स न्यूटन यांचा दावा या दृष्टीने विचारणीय आहे. बासरीत फुंकताना त्याच वेळी गळ्यातून स्वर काढीत त्यांनी आपली ‘क्वायर’ ही रचना १९८१ साली मुद्रित केली. बीस्टी बॉइज या मंडळीने १९९२ साली तिच्यातील सुमारे सहा सेकंदांचा तुकडा घेतला आणि तो आपल्या गीतात पुनःपुन्हा योजला. मुद्रण वापरण्याचा परवाना त्यांनी मुद्रिका-कंपनीकडून रीतसर घेतला होता. रचनेचा परवाना मात्र न्यूटन यांच्याकडून घेतला नव्हता. २००३ साली अमेरिकेच्या नवव्या मंडल अपील न्यायालयाने बहुमताने न्यूटन यांच्याविरुद्ध निर्णय दिला. सुधारित निर्णयपत्र २००४ साली निघाले. न्यायालयाच्या मते रचना म्हणजे स्वरलिपीत लिहिले ते. लिपीत तर बासरीच्या एका स्थिर स्वरावर गळ्याचे तीनच स्वर होते : त्या स्वराला षड्ज मानल्यास षड्ज, कोमल ऋषभ, षड्ज. एवढा अंश नगण्य ठरला. फुंकीचे आणि गळ्याचे जे वैशिष्ट्य, ते मुद्रणात मोडत होते आणि मुद्रणाचा परवाना आधीच दिला गेला होता.

कायद्याच्या चौकटीत हा निर्णय असमर्थनीय नव्हता, आणि परवाना घेणाऱ्यांनी लबाडी केली असेही म्हणता येत नाही. उणीव चौकटीत आहे. जे कागदावर उतरते ती रचना आणि बाकीचे सर्व केवळ टिपण, असे मानल्यास उपज करणाऱ्या कलावंताच्या हाती त्याचे सर्वस्व असलेला भागच उरत नाही. आरंभी उल्लेखिलेले गृहीत येथे पुन्हा भेटते. मुद्रण हे टिपण नव्हे, रचनेचे द्रव्य होय, ही गोष्ट कलावंतांनी १९६९ पासून आपल्या कृतीने सिद्ध केली होती. इतिहासकाराने ती ओळखली, तर मासेरो यांची कात्री, हॅन्कॉक यांची आवर्ती चाल आणि डीएसटी यांचा हात ही एकाच परंपरेची तीन रूपे आहेत, असे त्याला दिसून येईल. आणि त्या परंपरेने आपल्या वादकांचे देणे अद्याप पुरते फेडलेले नाही, हेही.