मिठाचा ढीग आणि विहिरीचे पाणी

१/ विहिरीचे पाणी खारट झाले की संशय समुद्रावर जातो. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू हॅम्पशायर राज्यात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास रस्त्याकडेच्या विहिरी खारट होऊ लागल्या, आणि त्याचे कारण रस्त्यावरच होते.

२/ पूर्वी हिमाच्छादित रस्त्यांवर वाळू व राख टाकीत. १९३८ मध्ये याच राज्याने मीठ टाकून पाहिले आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते धोरण म्हणून स्वीकारले. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो. मीठ स्वस्तही होते. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि भर हिवाळ्यात स्वच्छ रस्ता मिळणे हा नागरिकांना आपला हक्क वाटू लागला.

३/ हिवाळ्याची बेगमी आधीच करावी लागे. मिठाचे ढीग रस्त्यालगतच्या आवारांत, पुष्कळदा उघड्यावरच, पडून असत. पावसासरशी मीठ विरघळून जमिनीत मुरे. त्यातील क्लोराइड मातीला फारसे चिकटत नाही, जिवाणूही ते नष्ट करीत नाहीत. ते भूजलाबरोबर विहिरीपर्यंत पोहोचते.

४/ मॅसॅच्युसेट्समधील बर्लिंग्टन गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरींत मीठ आढळले आणि १९७० मध्ये गावाने रस्त्यांवर मीठ टाकण्यास बंदी घातली. प्रश्न केवळ चवीचा नव्हता. वैद्यांनी मीठ वर्ज्य केलेल्या रुग्णाच्या पोटात ते पाण्यावाटे जात होते.

५/ त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरजवळच्या आयरनडिक्वॉइट उपसागराचा अभ्यास झाला. शहरातून वाहून आलेले खारे, जड पाणी तळाशी साचून राही. त्यामुळे वसंतात वरचे व खालचे पाणी पूर्णपणे मिसळेनासे झाले होते. अशा मिसळण्यातूनच तळाला प्राणवायू मिळतो.

६/ १९७४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मीठ साठवणुकीची मार्गदर्शिका काढली. उपाय साधे होते: ढिगावर छप्पर, खाली पाणी न झिरपणारी फरशी आणि सांडपाण्याची नीट वाट. धान्याच्या कोठाराला जी काळजी शतकानुशतके मिळत आली, ती मिठाला इतक्या उशिरा मिळाली.

७/ छपराने ढीग झाकला गेला, रस्ता उघडाच राहिला. २००१ मध्ये कॅनडाच्या शासकीय मूल्यांकनाने रस्त्यावरील मिठाला पर्यावरणास घातक ठरवले. तरीही पूर्ण बंदी आली नाही, कारण निसरड्या रस्त्यावर माणसे मरतात. मीठ जपून टाकणे व नीट साठवणे एवढाच मार्ग उरला.

८/ भूजलाची चाल संथ असते. म्हणून अनेक ओढ्यांत भर उन्हाळ्यातही क्लोराइड सापडते. बर्फ वितळून महिने, कधी वर्षे लोटलेली असतात. मीठ मात्र अजून वाटेतच असते.