धानाची नावे

छत्तीसगडच्या शेतकऱ्याला जमिनीविषयी विचारले, तर एका शब्दात उत्तर मिळत नाही. भाटा, मटासी, डोरसा, कन्हार अशी मुरमाड माळापासून काळ्या खोलगट रानापर्यंत चार नावे तो सांगतो, आणि प्रत्येकीत निराळे धान पेरतो. उंचावर लवकर येणारे, खोलगटात उशिराचे. एखादे लाह्यांसाठी, एखादे सणाच्या सुवासिक भातासाठी. करगा नावाचे जंगली धान पिकात शिरले, तर कोवळेपणी दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून काही गावांत जांभळ्या पानांचे धान पेरीत, म्हणजे निंदणाऱ्या बाईने हिरवे तेवढे उपटावे. कोणत्याही पोथीत न लिहिलेले हे शास्त्र होते.

हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडून १८५४ मध्ये इंग्रजांच्या अमलाखाली गेला. साऱ्यासाठी मातीचे वर्ग नोंदले गेले. आम्हा सरकारी माणसांना मातीची प्रत कळते ती आकारणीपुरती! धानाच्या जातींची खरी गणती रायपूरला झाली ती १९७१ नंतर, डॉ. राधेलाल रिछारिया यांच्या हातून. कटकच्या मध्यवर्ती भात संशोधन संस्थेचे संचालकपद भूषविलेल्या या शास्त्रज्ञाने परदेशी बुटक्या जातींच्या सरसकट प्रसारास विरोध केला होता. रायपूरला त्यांनी गावोगावचे बी गोळा करविले आणि बियाबरोबर त्याचे नाव व शेतकऱ्याने सांगितलेले गुणही लिहून घेतले. काही वर्षांतच ती संस्था बंद झाली. हजारो वाणांचा संग्रह मात्र टिकला, आणि पुढे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आला. आज तेथे तेवीस हजारांहून अधिक नमुने आहेत.

अन्नाच्या अशा अभ्यासाला इटलीत स्वतंत्र विद्यापीठच लाभले. १९८६ मध्ये रोममधील एका चौकात अमेरिकन झटपट खाद्यगृह उघडले, त्याच्या विरोधातून कार्लो पेत्रिनी यांची ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. २००४ मध्ये पिएमाँत प्रांतातील पोलेंझो येथे खाद्यविद्येचे विद्यापीठ सुरू झाले. देशोदेशीचे विद्यार्थी तेथे चीज, द्राक्षे, धान्य आणि ते पिकविणारी माणसे अभ्यासतात. त्याच प्रांतातील वेर्चेल्लीच्या परिसरात भाताची शेती आहे, आणि तो भात मूळचा आशियातून गेलेला. तेथे ‘कार्नारोली’ या प्रसिद्ध नावाखाली तत्सम वाणही कायद्याने विकता येतात. २०१७ पासून अस्सल वाणास ‘क्लासिको’ म्हणण्याची सोय झाली. आंबेमोहोराच्या नावाने भलताच तांदूळ घेणाऱ्या पुणेकरांना हे दुखणे समजावून सांगावयास नको.

नाव कोणाचे, हा वाद रायपुरातही पेटला. २००२ मध्ये सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी विद्यापीठ सहकार्याचा करार करीत असल्याचे उघड होताच शेतकरी आणि नागरिक रस्त्यावर उतरले. डिसेंबरात कंपनीने माघार घेतली. शीतगृहातील पाकिटे ही गावांची ठेव आहे, हे लोकांनी कोणत्याही कायदेपंडिताच्या आधी ओळखले.

धमतरी जिल्ह्यातल्या नगरीच्या दुबराज तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महिलांच्या बचतगटाच्या नावावर. दुबराजाचे ताट उंच, म्हणून वाऱ्याने लोळणारे, आणि तयार व्हायलाही दिवस फार. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या साहाय्याने विद्यापीठाने त्याचा बुटका, लवकर येणारा वाणही काढला आहे. आता नगरीच्या शेतकऱ्याने कोणता दुबराज पेरावा, हे त्याच्या रानाने आणि घरच्या चुलीने ठरवायचे आहे.